नातवंडांचं बोट धरून एडिंबरा

(गणेशोत्सवातील ‘घरचे वक्ते’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातली एक संध्याकाळ बाहेरचा वक्ता न बोलवता आपल्यातल्याच कुणाला तरी उभं करायचं, ही आपल्या मंडळाची जुनी पद्धत. यंदा माझी पाळी आली. विषय मिळाला ‘माझा स्कॉटलंडचा प्रवास’. आधीच सांगून टाकते, प्रवासवर्णन ऐकायला आला असाल तर निराशा होईल. २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिथे दोन महिने होते, पण एडिंबरा शहर सोडून कुठेही गेले नाही. लंडन पाहिलं नाही. तळ्यातला तो प्रसिद्ध राक्षसही पाहिला नाही.

कारण साधं होतं. मुलगी आणि जावई दोघंही नोकरी करणारे. शाळांना जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुट्टी. नात अकरा वर्षांची, नातू सहा वर्षांचा. हे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तू ये. मुलांकडे बघायला कुणीतरी हवंच आहे.” मुलांकडे बघायचं हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. मीही कळत नाही असं दाखवलं आणि गेले.

आता मी एकतीस वर्षं इंदूरच्या शाळेत इतिहास शिकवलेली बाई. जाण्यापूर्वी वहीभर टिपणं काढली होती. राजांची नावं, लढाया, सनावळी. पहिल्याच शनिवारी मुलांना घेऊन एडिंबऱ्याच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे. तो खडक सुमारे पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. मी वही उघडली आणि सुरू केलं. दहा मिनिटांत नातू जमिनीवर बसला. नात हातातल्या फोनकडे बघत इंग्रजीत म्हणाली, “आजी, सुट्टी आहे ना?” तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मला वाईट वाटलं. तिकिटांचे पैसे आठवून आणखी वाईट वाटलं.

तो दिवस दोन गोष्टींनी वाचवला. पहिली, तिथली ‘मॉन्स मेग’ ही तोफ. १४४९ मध्ये बनवलेली, वजन सुमारे सहा टन, आणि गोळा दगडाचा, सुमारे दीडशे किलोचा. नातवानं विचारलं, “म्हणजे तुझ्याएवढ्या किती आजी?” हिशेब झाला. उत्तर सांगत नाही. दुसरी गोष्ट, किल्ल्याच्या एका बाजूला हिरवळीचा छोटा तुकडा आहे, तिथे सैनिकांच्या कुत्र्यांच्या कबरी आहेत. राण्यांच्या महालात न रमलेली मुलं त्या कुत्र्यांची नावं वाचायला कठड्यावर ओणवी होऊन पंधरा मिनिटं उभी राहिली. मग बरोबर एक वाजता तोफेचा बार झाला आणि मी दचकून हातातली वही खाली टाकली. मुलं खो खो हसली.

हा एकचा बार १८६१ पासून चालत आला आहे. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. लीथ बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून तो सुरू झाला. त्याआधी, १८५२ पासून, समोरच्या कॅल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावरून एक मोठा गोळा एक वाजता खाली येत असे, तो आजही आहे. पण धुक्यात गोळा दिसणार कसा? म्हणून तोफ. तिथले लोक स्वतःचीच थट्टा करतात, की आम्ही काटकसरी, बारा वाजता बारा बार उडवण्यापेक्षा एक वाजता एकच उडवतो! हा विनोद मात्र मुलांना पाठ झाला. घरी गेल्यावर आईला किल्ल्याबद्दल काय सांगितलं? तोफ, कुत्रे, आणि आजी कशी दचकली.

त्या रात्री मी वही बॅगेत ठेवून दिली आणि काही नियम ठरवले. एका दिवशी एकच ठिकाण. जागा मुलांनी निवडायची. डबा घरचा. आणि आजीनं विचारल्याशिवाय सनावळी सांगायची नाही.

डब्याचं सांगते. इथून जाताना जिरावणाची पाकिटं आणि शेव नेली होती. एडिंबऱ्याच्या बागेतल्या बाकावर बसून, अंगात रेनकोट घालून, आम्ही गार पोह्यांवर जिरावण भुरभुरून खायचो. तिथला उन्हाळा म्हणजे आपला पौष, वर पाऊस. ऊन, पाऊस, समुद्रावरून येणारं धुकं, सगळं एका दुपारी. पण पाऊस आला म्हणून कुणी घरी जात नाही. मुलं डबक्यात उड्या मारत असतात आणि आई-बाप शांतपणे उभे असतात. आमच्याही अंगवळणी पडलं.

फिरणं दुमजली बसनं, वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी. २०२२ च्या जानेवारीपासून स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास फुकट आहे. नातवंडं ऐटीत आपापलं कार्ड दाखवायची आणि मी रोख पैसे टाकायची. सुटे परत मिळत नाहीत, म्हणून नात रोज सकाळी माझ्यासाठी मोजून नाणी काढून ठेवायची. कोण कुणाला फिरवतंय, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पडला होता.

मुलांच्या आवडीच्या बऱ्याच जागांना तिकीटच नाही. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट. तिथे ‘डॉली’ नावाची मेंढी काचेच्या पेटीत उभी आहे. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून तयार केलेला जगातला पहिला सस्तन प्राणी, १९९६ मध्ये एडिंबऱ्याजवळच्या रॉझलिनला जन्मलेला. नातवाला ती एरवीसारखीच मेंढी वाटली. नात मात्र थबकली. “म्हणजे हिला आई किती?” ती म्हणाली. आम्ही दोघींनी मोजल्या. पेशी देणारी एक, बीजांड देणारी दुसरी, पोटात वाढवणारी तिसरी. इतिहासाच्या बाईला विज्ञानाचा तास मिळाला.

रॉयल माइलवर बालपणाचं संग्रहालय आहे, तेही फुकट. १९५५ मध्ये पॅट्रिक मरे नावाच्या नगरसेवकानं सुरू केलेलं. हे मुलांसाठीचं नव्हे, बालपणाविषयीचं संग्रहालय, असं ते आवर्जून सांगत म्हणे. जुन्या बाहुल्या, पत्र्याच्या गाड्या, बाहुल्यांची घरं. तिथे म्हातारी माणसं मुलांपेक्षा जास्त रेंगाळतात, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. आणि वनस्पती उद्यान! १६७० मध्ये औषधी वनस्पतींची बाग म्हणून सुरू झालेलं. मोकळं, हिरवं, खारींनी भरलेलं, आत जायला पैसे नाहीत. पावसाची उघडीप मिळाली की आम्ही तिकडे.

संग्रहालयाच्या जवळच एका कुत्र्याचा पुतळा आहे. ग्रेफ्रायर्स बॉबी. जॉन ग्रे हा त्याचा मालक १८५८ मध्ये वारला, आणि हा छोटा कुत्रा चौदा वर्षं, स्वतः मरेपर्यंत, मालकाच्या कबरीजवळ बसून राहिला अशी गोष्ट आहे. नाकाला हात लावला की नशीब फळफळतं असं प्रवाशांना वाटतं, त्यामुळे बॉबीचं नाक घासून चकचकीत झालं आहे. तिथले लोक हात लावू नका म्हणतात. आम्ही लावला नाही.

तिथे मी बोलून गेले, “आपल्याकडेही असा एक आहे. रायगडावर. वाघ्या.” नातीनं फोन खिशात ठेवला. मी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याची कथा सांगितली. त्याच्या स्मारकाला आपल्या होळकरांनी देणगी दिल्याचं सांगतात, तेही सांगितलं. ती म्हणाली, “हे खरं आहे का?” मी मास्तरीण ना! म्हटलं, “बॉबीबद्दल जाणकार शंका घेतात, वाघ्याबद्दलही वाद आहेत. पण दोन वेगळ्या देशांतल्या लोकांना एकसारखीच गोष्ट जपावीशी वाटली, हे मात्र खरं आहे.” ती थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, “आजी, अजून एक सांग.” मराठीत. मी मागे वळून पाहिलं नाही, न जाणो, पुन्हा इंग्रजी सुरू व्हायचं.

मग एक दिवस आर्थर्स सीटवर चढायचं ठरलं. शहराच्या मधोमध, होलीरूड बागेत, ही २५१ मीटर उंचीची टेकडी आहे. हीसुद्धा ज्वालामुखीच. खालून सोपी दिसते. मुलांनी निवडली होती, आणि नियम माझाच. अर्ध्या वाटेवर माझे गुडघे बोलायला लागले. शेवटचा टप्पा नुसता खडक, त्यावर लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, आणि वारा असा की पदर सांभाळू की तोल. मी म्हटलं, तुम्ही जा, मी इथेच बसते. धाकटा पुढे पळाला होता. नातीनं त्याला हाक मारून परत आणलं, त्याला एका हाताला धरलं, दुसरा हात मला दिला. “हळू, आजी. इथे पाय ठेव. आता इथे.”

बंधू-भगिनींनो, तिची आई लहान असताना जिना उतरताना मी तिला याच शब्दांत सांगत असे. हे शब्द या मुलीकडे कसे पोहोचले ते तिच्या आईलाच माहीत. वर पोहोचलो. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसरीकडे किल्ला, मध्ये सगळं जुनं शहर. नात बोट दाखवून सांगू लागली. “ती माझी शाळा. तिथे मी पोहायला शिकले. तिथे आपण मेंढी बघितली.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी तिला एडिंबरा दाखवत नव्हते. हे गाव तिचं होतं. ती मला आपलं गाव दाखवत होती.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे, त्या जागेकडे येते. किल्ल्याच्या अगदी दाराशी एक मनोरा आहे. त्याच्या वरच्या अंधाऱ्या खोलीत ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ आहे. छतावरचा आरसा आणि भिंगं यांच्यामुळे बाहेरच्या शहराचं हलतं-चालतं चित्र एका गोल पांढऱ्या टेबलावर उमटतं. वीज नाही, पडदा नाही. रस्त्यावरून चालणारा माणूस मुंगीएवढा त्या टेबलावर चालतो, आणि आपण कागद धरला की कागदावर चढतो! नातवानं बारा-पंधरा माणसं उचलली आणि काळजीपूर्वक परत रस्त्यावर ठेवली. खालच्या मजल्यांवर आरशांचा चक्रव्यूह आणि फिरता बोगदा आहे. त्या बोगद्यात मला अशी घेरी आली की दोघांनी धरून बाहेर काढलं.

हा मनोरा १८९२ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी घेतला होता. हे नाव वाचलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. कारण हे गेडिस साहेब म्हणजे आपलेच! इंदूर दरबारासाठी १९१८ मध्ये शहराच्या सुधारणेचा दोन खंडांचा अहवाल लिहिणारे. शाळेत मी हे नाव एका ओळीत उरकत असे. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. लग्नानंतर चांगल्या वस्तीतलं घर सोडून एडिंबऱ्याच्या जुन्या, दाटीवाटीच्या, गलिच्छ वाड्यात बायकोसह राहायला गेले. याच गल्ल्यांमध्ये पूर्वी लोक खिडकीतून “गार्डीलू!” असं ओरडून घाण खाली फेकत. गेडिस दांपत्यानं शेजाऱ्यांना बरोबर घेऊन वाडे धुतले, रंगवले, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. आणि या मनोऱ्यात त्यांनी लोकांना शहर बघायला शिकवलं. आधी थेट वर जायचं, आपलं गाव डोळ्यांनी पाहायचं. मग एकेक मजला उतरत यायचं. एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप, मग जग. आधी आपली गल्ली, मग जग! आम्ही शाळेत नेमकं उलटं शिकवत आलो.

मनोऱ्याच्या पायरीवर बसून मी मुलांना इंदूरची गोष्ट सांगितली. तेव्हा आपल्याकडे प्लेग होता. गेडिस साहेबांनी दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि दवंडी दिली, की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. जो मोहल्ला सगळ्यांत स्वच्छ, तिथून जाणार. झालं! प्रत्येक गल्ली झाडू लागली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलं घालून, मानानं चालले. शेवटी अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर जाळला. नातू एकदम रडवेला झाला. “गणपतीचा उंदीर जाळला?” मी म्हटलं, “नाही रे राजा. गणपतीचा उंदीर पायाशी बसतो, ऐकतो. हा मोकाट सुटलेला होता.” तेव्हा कुठे समाधान झालं.

एक गोष्ट मी मुलांना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. १९१७ या एकाच वर्षी गेडिस साहेबांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला आणि पत्नी अ‍ॅना लखनौला तापानं वारल्या. एवढं झाल्यावर हा माणूस आपल्या इंदूरच्या गल्ल्यांतून फिरला, नद्या स्वच्छ करून काठांवर बागा करा म्हणून लिहीत बसला, आणि लोकांसाठी मिरवणूक उभी केली. मी आठ महिने घराबाहेर पडत नव्हते. त्या पायरीवर बसून मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि थोडा धीरही आला.

त्या रात्री जेवताना नातीनं विचारलं, “आजी, तू आईला इंदूर असं दाखवलंस?”

मी आमटी वाढत होते. हात थांबला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना होळकरांचा इतिहास शिकवला. स्वतःच्या मुलीला? रविवारी तपासायला पेपरांचे गठ्ठे असायचे. मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “मला बाबा न्यायचे. स्कूटरवर. राजवाड्याचे सात मजले आम्ही दर वेळी मोजायचो, खालचे दगडाचे, वरचे लाकडाचे. मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. मग गांधी हॉलच्या घड्याळाखाली वेळ जुळवायचे.”

मी म्हटलं, “कधी गं?”

“दर रविवारी. जिलबी आणायला म्हणून निघायचो ना.”

मला इतकी वर्षं वाटत होतं, रविवारी जिलबीला फार गर्दी असते.

मंडळी, यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण ज्या मुलीला बापानं असं गाव दाखवलं, ती परक्या शहरात जाऊन आपल्या मुलांना तसंच गाव दाखवते आहे, हे मी दोन महिने डोळ्यांनी पाहत होते. मला वाटत होतं, हे सगळं एडिंबऱ्याचं. त्यातलं बरंचसं स्कूटरवरून गेलेलं होतं.

आपलं इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं देशातल्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं, याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण आपल्या मुलांना आपलं गाव माहीत आहे का? मॉल माहीत आहे. अनंत चतुर्दशीची झांकी पाहायला आपण त्यांना खांद्यावर बसवून नेतो, ती एक रात्र. बाकीच्या दिवसांचं काय?

परत आल्यावर मी आमच्या कॉलनीतल्या नऊ मुलांना घेऊन रविवारी सकाळी निघू लागले. एका रविवारी एकच ठिकाण. पहिल्या दिवशी राजवाडा. तो १९८४ मध्ये जळला होता, हे ऐकून मुलं काळवंडलेल्या खुणा शोधत बसली. दुसऱ्या रविवारी छत्र्या. तिथे एका मुलानं नदीकडे बघून नाक दाबलं आणि विचारलं, “ही साफ का नाही करत?” गेडिस साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेला हाच प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न विचारणारा एक मुलगा तयार झाला, हेही काही कमी नाही.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. महिन्यातला एक रविवार आपण मुलांसाठी ठेवावा. त्याला वर्गणी नको, मंडप नको, माइक तर मुळीच नको. एक आजी किंवा आजोबा, पाण्याची बाटली, आणि बोट धरायला एक मूल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काळजी करू नये, मुलं हात देतात.

माझी नातवंडं या डिसेंबरात येणार आहेत. नातीचा निरोप आला आहे, मराठीत, की सात मजले तिला स्वतः मोजायचे आहेत.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी आठ वाजता राजवाड्यासमोर भेटू. निघताना घरी काही सांगायची गरज नाही. नुसतं म्हणा, जिलबी आणायला चाललोय.

गणपती बाप्पा मोरया!